झाकली मूठ, दोनशे डॉलर

कॅलिफोर्नियातल्या कुपर्टिनो गावी, टँटाऊ अव्हेन्यूवर, ॲपलने बघ्यांसाठी एक केंद्र बांधलं आहे. काचेच्या भिंती, वर पातळ छप्पर, आत कॉफी, टी-शर्ट विकणारं दुकान, आणि जिना चढून गेलं की गच्ची. भाच्याने मला तिथे नेलं तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, तरी गच्चीवर पंधरा-वीस माणसं कठड्याला टेकून एकाच दिशेला बघत होती. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे मातीचा उंचवटा, त्यावर झाडं, आणि झाडांच्या फटींतून उन्हात चमकणारी काचेची एक आडवी रेघ. ती रेघ म्हणजे ॲपल पार्क, कंपनीचं मुख्यालय. तेवढीच दिसते.

शेजारी साताऱ्याचं एक जोडपं उभं होतं. मराठी कानावर पडलं, म्हणून बोलणं निघालं. त्यांचे जावई आत कामाला. "काय करतात?" मी विचारलं. काकांनी हवेत हात फिरवला. "हार्डवेअरमध्ये आहेत, एवढं माहीत. बाकी ते सांगत नाहीत, आम्ही विचारत नाही. आमच्या मुलीलासुद्धा सांगत नाहीत म्हणे." बोलण्यात तक्रारीचा सूर अजिबात नव्हता, उलट कौतुक ओसंडत होतं. हेच जावई एखाद्या सहकारी बँकेत असते आणि घरी कामाबद्दल इतके गप्प राहिले असते, तर काकांना झोप लागली नसती.

मुलांकडे सहा महिने राहायला गेलेल्या आई-बाबांची बे एरियात एक ठरलेली यात्रा असते. गोल्डन गेट, लिव्हरमोरचं शिव-विष्णू मंदिर, गूगलच्या आवारातले अँड्रॉइडचे पुतळे, मेन्लो पार्कला फेसबुकची पाटी (२०२१पर्यंत तिच्यावर अंगठा होता, मग मेटाचं चिन्ह आलं), आणि हे. फेसबुकच्या पाटीची गंमत अशी, की तिच्या मागच्या बाजूला सन मायक्रोसिस्टिम्सचं नाव तसंच ठेवलं होतं. त्या आवारात आधी सन ही संगणक कंपनी होती, ती डबघाईला येऊन विकली गेली, हे नव्या लोकांनी विसरू नये म्हणून. पाटीमागे जाऊन ते वाचणारे थोडेच. पुढून फोटो काढायला मात्र रांग.

मंदिरात निदान गाभाऱ्यापर्यंत नजर पोचते. इथे तीही पोचत नाही, तरी माणसं येतात. नजर पोचत नाही म्हणूनच येतात, असं मला वाटतं. आपल्याकडे याला झाकली मूठ म्हणतात, आणि तिची किंमतही पूर्वीपासून ठरलेली आहे: सव्वा लाख.

माझं म्हणणं थोडक्यात असं. या मुठीकडे टक लावून बघण्यात आपण एक चूक करतो. इमारतीबद्दल जाणून घेण्यासारखं जवळजवळ सगळं उघड्या कागदांवर होतं, आजही आहे. जे खरोखर झाकलेलं आहे ते इमारतीत नाहीच. ते गावाच्या हिशेबाच्या वहीत आहे, आणि त्या वहीकडे ड्रोन उडवून काही दिसत नाही.

आधी इमारत. ती बघण्यासारखी आहे, यात वाद नाही. नॉर्मन फॉस्टर यांच्या कंपनीने आखलेलं चार मजली काचेचं कडं, मैलभर घेराचं. १७५ एकरांचं आवार, त्यात सुमारे नऊ हजार झाडं, सुमारे बारा हजार माणसांची बसायची सोय. भूकंपाचा मुलूख, म्हणून अख्खं कडं ६९२ पोलादी बशांवर ठेवलेलं आहे. जमीन हलली तर इमारत चार फुटांपर्यंत सरकू शकते आणि मोडत नाही. मी सिव्हिलचा माणूस. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत एक चक्कर मारली होती.

२०१७च्या एप्रिलमध्ये माणसं आत कामाला जाऊ लागली. त्याआधीची तीनेक वर्षं जगभरचे लोक हे बांधकाम घरबसल्या बघत होते. काही हौशी मंडळी दर महिन्याला ड्रोन उडवून चित्रफीत टाकायची. या महिन्यात भिंत वर आली, या महिन्यात काच लागली, या महिन्यात मातीचा ढीग कमी झाला. लाखो लोक ते बघायचे. मीही बघायचो, खोटं कशाला बोलू. पुण्यात रात्री जेवण झाल्यावर कुपर्टिनोतला मुरमाचा ढीग किती उतरला हे बघणारा माणूस मीच. माझ्या सोसायटीशेजारी चाललेल्या मेट्रोच्या खांबांचं काम किती झालंय, हे मात्र मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

या चित्रफितींची भाषा ठरलेली असायची. 'आत काय चाललंय', 'पडद्यामागे', 'जगातल्या सर्वांत गुप्त कंपनीचं घर'. आणि याच काळात कुपर्टिनो नगर परिषदेच्या दफ्तरात या 'गुप्त' घराचा नकाशा, मजल्यांची उंची, झाडांचा हिशेब, वाहनतळाच्या जागा आणि सांडपाण्याची सोय कुणालाही बघता येईल अशी पडून होती. कॅलिफोर्नियात १९७०चा पर्यावरणाचा कायदा आहे. मोठ्या बांधकामाला मंजुरी द्यायच्या आधी रहदारी, आवाज, हवा, झाडं यांवर काय परिणाम होईल याचा अहवाल काढावा लागतो, तो लोकांपुढे ठेवावा लागतो, लोकांच्या लेखी हरकतींना लेखी उत्तरं द्यावी लागतात. ॲपल पार्कचा असा मसुदा अहवाल २०१३च्या जूनमध्ये निघाला. शेकडो पानांचा. त्यात कोणत्या चौकात संध्याकाळी किती गाड्या तुंबतील हेसुद्धा होतं.

म्हणजे गुप्त काय होतं? आत कोणता फोन बनतोय, ते. आणि तो फोन ड्रोनमधून दिसणार नव्हता.

आमचे वडील पेपरातली पहिली बातमी सोडून आधी 'जाहीर नोटीस' वाचायचे. अमुक सर्व्हे नंबर, तमुक गट, हरकत असल्यास चौदा दिवसांत कळवावे. आम्हाला तो म्हातारपणचा चाळा वाटायचा. एकदा त्या चाळ्यामुळे आमच्या चाळीमागची येण्याजाण्याची वाट एका बिल्डरच्या प्लॉटमध्ये जायची वाचली. वाट वाचली म्हणून कुणी वडिलांचा फोटो काढला नाही, आणि त्या बोळाचा फोटो काढायला तर कुणीच आलं नाही. बोळाला बघण्यासारखं काय असतं?

कुपर्टिनोतली वाट वाचली नाही. प्रूनरिज अव्हेन्यू नावाचा एक सार्वजनिक रस्ता या जागेतून जात होता. प्रून म्हणजे वाळवलेलं आलुबुखार. सिलिकॉनच्या आधी हे खोरं आलुबुखार, जर्दाळू आणि चेरीच्या बागांसाठी प्रसिद्ध होतं, त्याची ही नावापुरती उरलेली खूण. वुल्फ रोड आणि टँटाऊ यांच्यामधला या रस्त्याचा तुकडा कायमचा बंद झाला आणि आवारात गेला. बेकायदा काही नाही. नगर परिषदेने ठराव केला, सगळं रीतसर झालं. कड्याच्या मधून गावचा रस्ता जाऊ देणार कसा, हेही समजतं. पण गावचा एक रस्ता नाहीसा झाला ही गोष्ट त्या इमारतीबद्दलच्या शंभर चित्रफितींमध्ये मला एकदाही ठळकपणे सांगितलेली आढळली नाही. कड्याची गोलाई किती अचूक आहे, हे शंभरदा ऐकलं.

आता ७ जून २०११ची सभा. स्टीव्ह जॉब्स स्वतः नगर परिषदेपुढे आले होते. आजारी होते, अंगावर कपडे लोंबत होते. ते लोकांसमोर आले ते त्या संध्याकाळी शेवटचं, पुढे ५ ऑक्टोबरला गेलेच. ही चित्रफीत फार लोकांनी पाहिलेली आहे, आणि बहुतेकांना त्यातलं 'अंतराळयान उतरल्यासारखं' एवढं आठवतं. पोरवयात ह्यूलेट यांना फोन करून सुटे भाग मागितले आणि उन्हाळ्यात ह्यूलेट-पॅकार्डमध्ये काम मिळालं, हेही त्यांनी सांगितलं. ही जमीन त्याच कंपनीची होती. सगळं ऐकावंसं वाटणारं, चटका लावणारं.

माझ्या लक्षात राहिली ती नंतरची दोन मिनिटं. क्रिस वँग नावाच्या सदस्य बाईंनी विचारलं, की या सगळ्यातून कुपर्टिनोकरांना काय मिळणार? मोफत वाय-फाय वगैरे? जॉब्स म्हणाले, मी साधा माणूस आहे, आम्ही कर भरतो आणि ही कामं गावाने करायची असतात, अशी माझी समजूत आहे. कर माफ करणार असाल तर वाय-फाय आनंदाने बसवतो. सभागृह हसलं. त्याच सभेत त्यांनी हेही सांगून ठेवलं, की गावात सगळ्यात जास्त कर आम्ही भरतो, आणि इथे जमलं नाही तर माउंटन व्ह्यूसारख्या ठिकाणी जावं लागेल.

हसण्यासारखं उत्तर होतं, मीही पहिल्यांदा हसलो. आणि खरं सांगायचं तर तत्त्व म्हणून जॉब्स यांचं बरोबर आहे. कंपनीने कर भरावा, गावाने गटारं आणि वाय-फाय बघावं. कंपनीच्या दानावर चालणारं गाव मला नको. पण हे तत्त्व पाळायचं तर दुसरी बाजूही पाळावी लागते: कर भरावा लागतो.

सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकलने २०१८मध्ये छापलेली एक बातमी आहे. कुपर्टिनो ज्या जिल्ह्यात येतं, त्या सांता क्लारा काउंटीच्या मूल्यांकन अधिकाऱ्याने ॲपल पार्कमधल्या आणि आसपासच्या काही मालमत्तांची किंमत एक अब्ज डॉलर धरली होती. त्यावर २०१५च्या एका अपिलात ॲपलने या मालमत्तांची किंमत लिहिली २०० डॉलर. दोनशे लाख नव्हे, दोनशे कोटी नव्हे. २०० डॉलर, म्हणजे टँटाऊच्या दुकानात चार-पाच टी-शर्ट येतील तेवढे.

न्याय करायचा तर हेही सांगितलं पाहिजे, की अपिलात असे आकडे घासाघिशीसाठी टाकतात. मंडईत वांगी ऐंशीला सांगितली की आपण वीसने सुरुवात करतो, तसं. शेवटी सौदा मध्ये कुठेतरी होतो, आणि ॲपल काउंटीतल्या सर्वांत मोठ्या करदात्यांपैकी आहेच. तरी तो आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. जगाला दाखवताना मूठ सव्वा लाखाची. घरपट्टीचा माणूस दारात आला की तीच मूठ २०० डॉलरची.

विक्रीकराची गोष्ट याहून खोल जाते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. कॅलिफोर्नियात कुणी ॲपलच्या संकेतस्थळावरून काही विकत घेतलं, की ती विक्री कुपर्टिनोत झाली असं धरलं जायचं, आणि स्थानिक विक्रीकराचा वाटा कुपर्टिनोला जायचा. लॉस एंजलिसच्या माणसाने संगणक घेतला तरी कर कुपर्टिनोत. त्या बदल्यात गाव या कराचा काही भाग कंपनीला परत द्यायचं. नव्वदच्या दशकातला हा करार, आधी निम्मा वाटा परत, आणि २०१३मध्ये ॲपल पार्कच्या मंजुरीबरोबर तो ३५ टक्क्यांवर आला. गाव खूश, कंपनी खूश. मग राज्याच्या कर विभागाने हिशेब तपासला आणि विक्री कुठे झाली असं धरायचं यावर बोट ठेवलं. २०२३मध्ये कुपर्टिनोला आपलं अंदाजपत्रक एकदम कापायला बसावं लागलं. सुमारे साठ हजार वस्तीचं गाव. श्रीमंतांचं गाव म्हणून प्रसिद्ध. आणि एका करदात्याचा हिशेब हलल्याबरोबर सगळं स्वयंपाकघर हललं.

या प्रकरणातला मला सगळ्यात विलक्षण वाटलेला भाग असा, की गाव त्या करदात्याचं नाव उच्चारू शकत नव्हतं. करदात्याची माहिती उघड करायची नाही, असा राज्याचा कायदा. म्हणजे नगर परिषदेत चर्चा 'एका करदात्या'ची. नोकऱ्यांना, कार्यक्रमांना, बागांच्या देखभालीला कात्री कशामुळे, तर 'एका करदात्या'मुळे. पूर्वी आपल्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, 'इकडची स्वारी' म्हणत, तसं. पेपरांनी नाव छापलं, गावातल्या शेंबड्या पोराला नाव ठाऊक होतं, फक्त सभागृहात ते नव्हतं.

लोक ज्या गुपिताच्या शोधात गच्चीवर येतात, ते इथे होतं. आणि इथे बघायला कुणी गच्ची बांधलेली नाही.

बॅरी चँग नावाचे गृहस्थ २०१६मध्ये कुपर्टिनोचे महापौर होते. त्यांनी गार्डियनला सांगितलेली हकिकत अशी. नव्या आवाराला मंजुरी मिळवण्याची खटपट चालू होती तेव्हा, म्हणजे त्याआधी तीनेक वर्षं, ते ॲपलच्या कार्यालयात बोलायला म्हणून गेले. सुरक्षारक्षकांनी त्यांना बाहेर काढलं. तुम्हाला बोलावलेलं नाही, आत येता येणार नाही. ज्यांच्या मतावर मंजुरी अवलंबून होती त्यांच्यातलाच हा एक माणूस. पुढे महापौर असताना कंपनीने गावाच्या रस्त्यांबिस्त्यांसाठी दहा कोटी डॉलर द्यावेत असा प्रस्ताव त्यांनी मांडू पाहिला. त्यासाठी सभागृहातलं आणखी एक मत हवं होतं. ते एक मत त्यांना मिळालं नाही.

का मिळालं नाही? भीती हे एक कारण असेल. कंपनी उठून माउंटन व्ह्यूला जाईल ही भीती. पण मला वाटतं, दुसरं कारण त्या कड्यात आहे. ज्या वास्तूकडे जग डोळे लावून बसलंय, तिच्या मालकाकडे रस्त्याच्या डागडुजीचे पैसे मागायचे, हे मागणाऱ्यालाच क्षुद्र वाटायला लागतं. मोफत वाय-फाय मागणाऱ्या बाईंवर सभागृह हसलं ते म्हणूनच. प्रश्न चुकीचा नव्हता, पण अंतराळयानासमोर तो फारच घरगुती वाटला. भव्य वास्तूंचा हा जुना उपयोग आहे. समोरचा माणूस आपोआप आवाज खाली आणतो. आपल्याकडेही सरदाराच्या वाड्यात शिरताना दिंडी दरवाजा ठेंगणा असायचा, आत जाताना मान वाकायचीच. काच पारदर्शक असते, तिथे मान वाकवायला वेगळी युक्ती लागते.

माउंटन व्ह्यूची मात्र मजा झाली. २०१८मध्ये कुपर्टिनोच्या नगर परिषदेने कंपन्यांवर माणशी कर बसवायचा विचार केला, आणि तो पुढे ढकलला. त्याच नोव्हेंबरात शेजारच्या माउंटन व्ह्यूच्या मतदारांनी असा कर मोठ्या बहुमताने मंजूर केला. तिथे गूगलचं मुख्यालय आहे. ज्या गावाचं नाव घेऊन कुपर्टिनोला दटावलं, त्या गावाने डोळ्याची पापणीही न लववता कर लावला, आणि गूगल तिथेच आहे. ही बातमी कितीजणांनी वाचली असेल? त्याच वर्षाच्या सुरुवातीला ॲपल पार्कच्या काचेच्या भिंतींवर कर्मचारी डोकं आपटून जखमी होतात, पहिल्या महिन्यात निदान तीनदा आपत्कालीन सेवेला फोन करावा लागला, ही बातमी मात्र जगभर गाजली. काचेवर चिकटवलेल्या रंगीत चिठ्ठ्यासुद्धा काढायला लावल्या, रचनेची शोभा जाते म्हणून, असंही छापून आलं. वाचून मलाही हसू आवरलं नाही. काच इतकी स्वच्छ की दिसेना. पण बघा, इमारतीची टिंगलसुद्धा इमारतीचीच राहते. हिशेबाच्या वहीपर्यंत ती जात नाही.

यावर कुणी म्हणेल, तुम्हाला सौंदर्याचं वावडं आहे. तसं नाही. ६९२ बशांबद्दल वर लिहिलंच. ड्रोनवाल्यांनाही मी नावं ठेवणार नाही, एका मोठ्या बांधकामाची महिनावार नोंद त्यांनी फुकटात करून ठेवली, पुढच्या अभ्यासकांना ती उपयोगी पडेल. आणि नव्या मालाबद्दल कंपनीने तोंड बंद ठेवणं यात मला काही गैर दिसत नाही. मिठाईवालासुद्धा पाककृती सांगत नाही. हिंजवडीत मी एका कंपनीत कामानिमित्त गेलो होतो, तिथे फाटकावर माझ्या फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. ठीक आहे, त्यांचं घर, त्यांचे नियम. गाडं अडतं ते पुढे. मालाचं गुपित हळूहळू पसरत जातं आणि रस्ता, कर, पाणी, घरभाडं या गोष्टींनाही तीच अदब लागू होते. 'ते काही सांगत नाहीत' हे जावयाबद्दल ठीक आहे. गावच्या तिजोरीबद्दल ते ठीक नाही.

आणि कुठल्या इमारतीकडे बघायचं हे कोण ठरवतं, तेही बघा. गच्चीखालच्या दालनात ॲपल पार्कची ॲल्युमिनियमची प्रतिकृती आहे. हातात आयपॅड देतात. तो प्रतिकृतीवर धरला की छप्पर उचललं जातं, आतले मजले दिसतात, वारा कसा खेळतो ते दिसतं. साताऱ्याच्या काकूंनी तो आयपॅड ताटासारखा दोन्ही हातांत धरला होता, पाडू नये म्हणून. कंपनीचं घर, कंपनीच्या काचेतून, कंपनी दाखवेल तेवढं. त्यात वाईट काही नाही. पण त्यालाच 'आत काय चाललंय ते बघितलं' म्हणायचं नाही.

चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला फॉक्सकॉनचा कारखाना आहे, तिथे आयफोन जुळवले जातात. २०२१च्या डिसेंबरात तिथल्या कामगार मुलींच्या एका वसतिगृहात अन्नातून विषबाधा झाली, दीडशेहून जास्त मुली दवाखान्यात गेल्या, आणि त्यांच्या मैत्रिणींनी चेन्नई-बंगळुरू महामार्ग रोखला. एकेका खोलीत सहापासून तीसपर्यंत मुली, बऱ्याच जणी जमिनीवर झोपणाऱ्या, अशा बातम्या आल्या. ॲपलने स्वतः कबूल केलं, की काही वसतिगृहं आणि जेवणाच्या खोल्या आमच्या नियमांत बसणाऱ्या नव्हत्या, आणि कारखान्याला देखरेखीखाली ठेवलं. कारखाना काही आठवडे बंद होता. आता त्या वसतिगृहांवर आधी कुणी ड्रोन उडवला होता का? कुणाला तिथे उभं राहून फोटो काढावासा वाटला का? पुरवठादारांची यादी ॲपल २०१२पासून जाहीर करत आली आहे. म्हणजे इथेही कागद उघडाच होता. उलट २०२३च्या एप्रिलमध्ये टिम कुक वांद्रे-कुर्ला संकुलातलं दुकान उघडायला मुंबईत आले आणि माधुरी दीक्षितबरोबर त्यांनी वडापाव खाल्ला, ही बातमी आमच्या घरात तिघांनी तिघांना पाठवली. सगळ्यांना ती आधीच आलेली होती.

ह्वावेने तर हे शास्त्र पुढच्या पायरीवर नेलं. चीनमधल्या डोंगग्वानजवळ तळ्याकाठी त्यांनी युरोपातल्या शहरांच्या आणि किल्ल्यांच्या प्रतिकृतींचं आवार बांधलं, आत लालचुटुक आगगाडी. अमेरिकेने गुप्तहेरगिरीचा आरोप केल्यावर २०१९मध्ये कंपनीने पत्रकारांसाठी दारं उघडली. पत्रकार गेले, आगगाडीत बसले, हायडेलबर्गच्या किल्ल्याचे फोटो घेऊन परत आले. दार उघडं असणं आणि माहिती मिळणं या दोन गोष्टींचा फारसा संबंध नसतो.

गच्चीवरून उतरताना मी भाच्याला विचारलं, प्रूनरिज रस्ता कुठे होता रे? "कुठला रस्ता, मामा?" तो इथे आला २०१९ला. त्याने फोनवर नकाशा काढला. सांता क्लाराकडून रस्ता सरळ येतो आणि टँटाऊपाशी थांबतो. त्यापुढे हिरवा रंग. बोटांनी मोठं करून बघितलं तरी हिरवाच.

खाली काकू ग्रुपवर फोटो टाकत होत्या. मला दाखवला. काका कठड्याला टेकून उभे, मागे झाडं. खाली लिहिलं होतं, 'जावईबापूंचं ऑफिस'. साताऱ्यात रात्रीचे साडेदहा वाजून गेले असतील, तरी अंगठे यायला लागले होते.